‘तुमचा विश्वास आहे का?’ हा प्रश्न विचारू नका

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात एम. ए. झालं आहे, नोकरी हिंजवडीत, राहणं कोथरूडला, हाताशी फक्त शनिवार-रविवार. देवऋषी, करणी, दृष्ट, अंगात येणं, जत्रा यांचा मानवशास्त्राच्या अंगाने अभ्यास करायचा आहे. सुरुवात कुठून करावी, काय वाचावं, आणि यातल्या कशावरही स्वतःचा विश्वास नसेल तर हे जमेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. विश्वास नसला तरी जमतं, असला तरी जमतं. न जमण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. माणूस घरातून निघतो तोच ‘हे खरं की खोटं’ याचा निकाल लावायला. तो निकाल लावणारे दुसरे आहेत: डॉक्टर, कोर्ट, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते. त्यांचं काम महत्त्वाचंच आहे, पण ते आपलं नव्हे. आपण पाहायचं ते इतकंच की हे कोण करतं, कशाने करतं, कोणाच्या सांगण्यावरून करतं, खर्च कोण उचलतं, आणि केल्यावर गुण आला नाही तर कोण कोणाला काय सांगतं. या पाच गोष्टींची उत्तरं वहीत आली की खरं-खोट्याचा प्रश्न तुम्हाला स्वतःलाच कमी महत्त्वाचा वाटायला लागेल. आणि ती न येताच निकाल लावला असेल, तर वहीत फक्त तुमचं मत उरेल, जे तुम्हाला घरबसल्याही माहीत होतं.

आता ‘विश्वास’ या शब्दाबद्दल, कारण इथेच पहिली ठेच लागते. सदाशिव पेठेतल्या एखाद्या आजींना विचारा, “तुमचा दृष्टीवर विश्वास आहे का?” त्या म्हणतील, “छे हो, आपलं करतात म्हणून करायचं,” आणि संध्याकाळी नातवाची दृष्ट काढतील. त्यात ढोंग काही नाही. प्रश्नच परका आहे. या बाबतीत मराठी माणूस विश्वासाची भाषा सहसा बोलत नाही. तो म्हणतो: आम्ही मानतो. आमच्यात पाळतात. आमच्याकडे करतात. देवाचं करायचं राहिलंय. ‘खंडोबाला मानतो’ याचा अर्थ खंडोबा आहे की नाही याविषयी अमुक मत बाळगतो असा नाही. त्याचा मान राखतो, वर्षाला तळी भरतो, घरात लग्न झालं की जागरण घालतो, असा आहे. ‘पाळणं’ बंधनाचं असतं, म्हणजे सोवळं, सुतक, उपास, काय खायचं नाही, कुठे जायचं नाही. ‘करणं’ हाताचं असतं. वहीत हे तीन शब्द वेगवेगळ्या शाईने लिहा. एकच बाई एकाच गोष्टीबद्दल ‘आम्ही करतो पण मानत नाही’ म्हणाली, तर ते वाक्य सोन्याचं आहे. त्याचं ‘श्रद्धा कमी आहे’ असं भाषांतर करून ते वाया घालवू नका. आणि ‘अंधश्रद्धा’ हा शब्द तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. दुसऱ्याच्या तोंडून आला तर मात्र कोण, कोणाच्या कोणत्या कृतीला म्हणालं ते जरूर टिपा.

सुरुवात दृष्टीपासून करा. देवऋषी वगैरे नंतर. दृष्ट काढणं घरात होतं, पाच मिनिटांत संपतं, करणारी व्यक्ती ओळखीची असते, आणि ‘इतकं काय त्यात बघायचं’ असं सगळ्यांनाच वाटत असल्यामुळे कोणी सावध होत नाही. शिकायला याहून चांगली जागा नाही.

नेहमीचा प्रकार असा. ज्याची दृष्ट काढायची त्याला पाटावर किंवा जमिनीवर बसवतात. दोन्ही मुठींत जाडं मीठ आणि मोहरी, सोबत सुक्या लाल मिरच्या, बहुतेक विषम संख्येत. काही घरांत केरसुणीच्या काड्या, कांद्या-लसणाची सालं, तिठ्यावरची चिमूटभर माती हेही. मुठी डोक्यापासून पायापर्यंत उतरवतात, कधी हातांची अढी घालून, कधी एकाच दिशेने ओवाळून, तीन, पाच किंवा सात वेळा. तोंडाने ‘आल्यागेल्याची, भुताखेताची’ अशा ओळीची यादी चालू असते. मग ते सगळं निखाऱ्यावर. हातपाय धुवायचे, काही घरांत मागे वळून न पाहता, न बोलता. बाळ असेल तर शेवटी काजळाची तीट.

पहिल्यांदा पाहणारा माणूस वहीत ‘मीठ-मोहरीने दृष्ट काढली’ एवढं लिहितो आणि संपवतो. यात गेलं काय ते बघा. मिरच्या किती, देठासकट की देठ काढून? उजव्या मुठीत काय, डाव्या मुठीत काय? ओळी मोठ्याने की पुटपुटत, आणि पुटपुटलेला भाग नेमका कोणता? कोणाकडून शिकली, आईकडून की सासूकडून? माहेरी वेगळं होतं का? कोण काढू शकत नाही? आजारी माणूस स्वतःची काढू शकतो का? दृष्ट लागली हे ठरवलं कोणी, आणि कशावरून? कोणाची लागली याचा अंदाज बोलून दाखवला की गिळला? हा शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा, आणि तो थेट विचारून कधीच कळत नाही. बारशाला, नव्या गाडीच्या पेढ्यांनंतर, दहावीच्या निकालानंतर कोणत्या पाहुण्याच्या पाठोपाठ दृष्ट काढली गेली, हे तारखांवरून जुळवावं लागतं.

आता फ्लॅटमध्ये निखारे कुठून येणार? गॅसवर तवा तापवतात आणि त्यावर टाकतात. इथे एक बारकावा आहे. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर ‘बघ, केवढी दृष्ट होती’ असं म्हणतात. ठसका लागला, तर दृष्ट नव्हती किंवा किरकोळ होती. म्हणजे ठसका हा पुरावा आहे. मग स्वयंपाकघरातली चिमणी त्या वेळी चालू असते का? कोणी मुद्दाम बंद करतं का? खिडकी? शेजाऱ्यांना ठसका लागून ते दार वाजवतात तेव्हा त्याचा अर्थ काय लावतात? असे प्रश्न पुस्तकातून सुचत नाहीत, तवा पाहिल्यावर सुचतात. तुरटीचंही तसंच. तुरटीचा खडा ओवाळून विस्तवावर टाकला की त्यातलं पाणी उकळून निघतं, खडा फुगतो, वेडावाकडा आकार धरतो, आणि त्या आकारात दृष्ट लावणाऱ्याचा डोळा किंवा चेहरा शोधला जातो. तुरटी का फुगते हे रसायनशास्त्र सांगेल. आकारात शेजारीण दिसली की जाऊ दिसली, हे तुम्हाला टिपायचं आहे.

याच जागी मानवशास्त्रज्ञ ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांचं झांदे लोकांच्या चेटकावरचं १९३७चं पुस्तक उघडा. आधी उघडू नका, नाहीतर सगळीकडे झांदेच दिसतील. मध्य आफ्रिकेतल्या या लोकांमध्ये धान्याची कणगी कोसळून सावलीत बसलेली माणसं दगावली, तर खांब वाळवीने पोखरले होते हे त्यांना नीट माहीत असतं. त्यांचा प्रश्न वेगळा असतो: नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना, याच घटकेला का कोसळली? चेटकाची कल्पना त्या ‘नेमकं’चं उत्तर देते. वाळवीला ती नाकारत नाही. आपल्याकडेही हेच चालतं. गाडी घसरली ती खडीवरून, हे सगळ्यांना मान्य असतं. पण नवीन गाडी, तिसऱ्याच दिवशी, अमक्याने कौतुक केल्यावरच कशी घसरली?

त्याच पुस्तकातला विषाचा कौलही नीट वाचा. कोंबडीला बेंगे नावाचं विष देऊन प्रश्न विचारतात. कोंबडी मरते की जगते त्यावर उत्तर. महत्त्वाच्या बाबतीत दुसऱ्या कोंबडीवर तोच प्रश्न उलटा लावून बघतात. पहिली मेली असेल तर दुसरी जगली पाहिजे, तरच उत्तर पक्कं. दोन्ही मेल्या किंवा दोन्ही जगल्या, तर विष बिघडलं होतं, कोणी तरी पाळायचं बंधन मोडलं होतं, असं काही कारण निघतं आणि कौलाची पत शाबूत राहते. आता आपल्या देवळात कौल लावतात तिथे जाऊन बसा. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या किंवा तांदळाचे दाणे उजव्या-डाव्या बाजूला चिकटवतात. बहुतेक ठिकाणी उजवा पडला की होकार, पण कुठली बाजू कशासाठी हे आधी विचारून घ्या. पाहायचं हे की प्रश्न कोणी, कोणत्या शब्दांत घातला. भक्ताने सांगितलेला प्रश्न गुरवाने देवापुढे मांडताना बदलला का? दोन्ही पडले नाहीत तर किती वेळ वाट पाहिली? मनासारखा नाही आला तर पुन्हा लावता येतो का, किती वेळा? एका सकाळी दहा कौल पाहून दहांची नोंद करणं हे दहा मुलाखतींपेक्षा जास्त मोलाचं आहे.

जादू वेगळी आणि धर्म वेगळा का, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात येतो, आणि मला तो तिथे नको तितका मोठा केलेला वाटतो. सुरुवातीचे मानवशास्त्रज्ञ टायलर (१८७१) आणि फ्रेझर (१८९०) यांनी जादूला चुकलेलं विज्ञान ठरवलं. फ्रेझरची दोन सूत्रं लक्षात ठेवायला सोपी आहेत: सारख्याने सारखं होतं (बाहुलीला टाचणी टोचली की माणसाला दुखतं), आणि एकदा लागलेलं लागलेलंच राहतं (केस, नखं, पायाखालची माती). वस्तूंची यादी लावायला ती अजून चालतात, स्पष्टीकरण म्हणून नाही. त्यांच्यानंतरचे मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलं की आतल्या शांत खाडीत मासे मारताना जादू नसते, खुल्या समुद्रावर असते. म्हणून जिथे अनिश्चितता तिथे जादू. ऐकायला पटतं. पण मग शेअर बाजारात रोज पैसे लावणारा कितीदा उतारा टाकतो, आणि भोसरीच्या कारखान्यातल्या एका जागी पक्क्या बसवलेल्या लेथला दसऱ्याला झेंडूचा हार का लागतो? अनिश्चिततेचं कारण सगळीकडे चिकटवता येतं, म्हणूनच ते विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत फार दिसतं.

समाजशास्त्रज्ञ डुर्केम (१९१२) म्हणाले, धर्माला मंडळी असते, जादूगाराला फक्त गिऱ्हाईक असतं. हे मात्र आपल्या भागात घासून बघण्यासारखं आहे. देवऋषीकडे सुरुवातीला गिऱ्हाईकच येतं, एकेकटं, रात्री, शेजाऱ्यांना न सांगता. पण त्याची गादी बसली, गुरुवार किंवा अमावस्येची बैठक ठरली, की तीच माणसं एकमेकांना ओळखू लागतात, भंडारा घालतात, सतरंज्या आणतात. गिऱ्हाइकांची मंडळी होते. ती कधी झाली, पहिली वर्गणी कधी निघाली, हे शोधा. एका छोट्या निबंधाला एवढा विषय पुरतो.

माझ्या मते जादू आणि धर्म यांच्यातली रेघ आपण ओढायचीच नाही. लोक ती कुठे ओढतात ते पाहायचं. लिंबू घ्या. देवीच्या गळ्यात लिंबांची माळ असते, तिला कोणी जादू म्हणत नाही. दुकानाच्या दारावर शनिवारी तेच लिंबू मिरच्यांबरोबर टांगलं की ‘असू द्या, असतं आपलं’. चौकात कुंकू लावून, कापून ठेवलेलं दिसलं की तीच माणसं वळसा घालून जातात. फळ बदललं नाही, जागा बदलली, आणि ठेवणारा दिसेनासा झाला. करणीबद्दलही ध्यानात घ्या की ‘मी करणी केली’ असं म्हणणारा माणूस तुम्हाला भेटणार नाही. करणी नेहमी दुसऱ्याने केलेली असते, आणि तो दुसरा फार लांबचा नसतो: भाऊबंद, जाऊ, बांधाला बांध असलेला शेतकरी, गाळ्याला गाळा लागून असलेला दुकानदार. म्हणून करणीची हकीकत ऐकली की त्याच पानावर त्या घराची वंशावळ काढा, सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत ते विचारा, वाटणी कधी झाली ते लिहा. जान फाव्रे-सादा यांचं पश्चिम फ्रान्समधल्या बोकाज भागावरचं पुस्तक (१९७७) यासाठी वाचावं. त्यांचा अनुभव असा की चेटकाबद्दल तटस्थपणे बोलायला तिथे जागाच नव्हती. विचारणारा एक तर स्वतः पछाडलेला, नाहीतर सोडवणारा, असंच लोक धरून चालत. मावळात किंवा मुळशीत ‘करणीबद्दल माहिती हवी होती’ म्हणत फिराल, तर दोन दिवसांत तुमच्याबद्दलही असंच काहीतरी ठरलेलं असेल.

मुलाखतीपेक्षा कागद बरा, असंही बरेचदा होतं. गुरुजी वास्तुशांतीला किंवा सत्यनारायणाला जी यादी देतात ती मागून घ्या. सुपाऱ्या, विड्याची पानं, नारळ, हळकुंडं, खारका, बदाम, सुटी नाणी, तांदूळ, जानवी, पंचा, सगळं आकड्यांसकट. मग पूजेला बसा आणि यादीतली प्रत्येक वस्तू कुठे गेली ते मांडा: देवापुढे किती, होमात किती, गुरुजींच्या पिशवीत किती, घरात परत किती, निर्माल्यात किती. पन्नास सुपाऱ्या आणायला सांगितल्या आणि लागल्या बत्तीस, तर उरलेल्या अठरांचं काय होतं? मंडईजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानात याद्यांचे गठ्ठे असतात. वेगवेगळ्या गुरुजींच्या पाच याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणतं ‘शास्त्रात आहे’ आणि कोणतं त्या त्या घराण्याचं हे आपोआप दिसतं. बाहेरच्या विधींतही असंच. देवऋषीच्या सांगण्यात काळी कोंबडी, सव्वा किलो तांदूळ, काळं कापड असेल, तर ते कोणी आणलं, किती रुपयांना, आणि कोंबडी शेवटी कोणी खाल्ली, हे लिहा.

चौकातला उतारा दिसला तर हात लावू नका. भीतीपोटी नव्हे, तर तो कोणाचा तरी आहे म्हणून. दहीभात, अंडं, नारळ, काळी बाहुली, टाचण्या, गुलाल जे दिसेल ते, तिठा की चौक, तिथी आणि वेळ, एवढं टिपा आणि पुढे जा. ठेवणारा माणूस माहीत नसताना त्यावरून आख्खा अर्थ रचत बसणं ही नवशिक्यांची आवडती चूक आहे.

जत्रेसाठी तुम्हाला लांब जायला नको. तुमच्या ऑफिसच्या आसपासच चैत्र पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड निघतं. नवखा माणूस बगाडाकडे आणि त्यावर गळाला टांगल्या जाणाऱ्या गळकऱ्याकडे बघत बसतो, फोटो काढतो, घरी जातो. तुम्ही मान बघा. बगाडाचं लाकूड कोण आणतं, गळकरी कोणत्या घराण्यातून निवडतात, कोणाचा नारळ पहिला, कोणाच्या दारात थांबतं, कोणाच्या दारावरून नुसतं जातं. जत्रा हा गावातल्या मानांचा जाहीर वाचलेला ताळेबंद असतो. भांडण झालं तर तेही मानावरूनच होतं, आणि भांडणात नियम फार स्पष्ट बोलले जातात. जत्रेच्या दिवशी जाणं पुरत नाही. आधीच्या बैठकीला, वर्गणी ठरते तेव्हा जा, आणि नंतर हिशेब वाचतात तेव्हा जा. शहरातही हेच आहे. विसर्जन मिरवणुकीत कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हा मानाच्या पाच गणपतींचा क्रम पुण्यात पोरालाही पाठ असतो. हा क्रम म्हणजे धर्म की राजकारण, असा प्रश्न पडत असेल तर तो प्रश्नच पुन्हा तपासा.

पालख्या पुण्यात दोन मुक्काम करतात, ज्ञानेश्वरांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकारामांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाकडे. डेक्कन कॉलेजात आयुष्य काढलेल्या इरावती कर्वे यांनी वारीवर लिहिलेला लेख निघण्यापूर्वी वाचाच. एकाच दिंडीत एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातवार वेगळी बसत होती, हे त्यांनी पाहिलं आणि लपवलं नाही. आज पंगती कशा बसतात, चूल कोणाची, भांडी कोण घासतं, हे तुम्ही पाहू शकता. भजनाच्या वेळी आणि जेवणाच्या वेळी, अशी दोन वेळा हजेरी लावायची. जेवणाच्या वेळची हजेरी बरेच अभ्यासक चुकवतात, कारण तेव्हा त्यांना स्वतःला भूक लागलेली असते.

अंगात येण्याबद्दल लिहिताना सर्वांत आधी दोन वाटा वेगळ्या ठेवा. देवाचं ‘वारं’ येतं, ‘संचार’ होतो, आणि ज्याच्या अंगात येतं ते ‘झाड’. भूत मात्र ‘लागतं’, ‘बाधा’ होते, माणूस ‘झपाटतो’. देव आला तर त्याला बोलावलं जातं, कुंकू लावतात, पाया पडतात, प्रश्न विचारतात. भूत असेल तर त्याला नाव विचारून, ते काय मागतं ते ठरवून, घालवायचं असतं. गंमत अशी की पहिल्या काही वेळा कोण आलंय हे कोणालाच नक्की माहीत नसतं. ते ठरवणं हीच मोठी घटना असते. सासू म्हणते बाधा, सून घुमता घुमता म्हणते ‘मी काळूबाई’. निकाल कोणाच्या बाजूने लागला, आणि त्यानंतर त्या सुनेच्या वाट्याची कामं, तिचं बसणं-उठणं, तिला मिळणारा ताटातला मान बदलला का, हे सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहा. प्रत्यक्ष घटनेच्या वेळी वाद्य कोणतं (संबळ, हलगी, टाळ), कोणत्या ठेक्याला पहिलं घुमणं आलं, केस कोणी सोडले, पाणी कोणी दिलं, किती मिनिटांत ओसरलं, एवढ्या नोंदी घड्याळ लावून करता येतात. मोबाईल बाहेर काढू नका. परवानगी असली तरी नाही, कारण परवानगी देणारा आणि अंगात येणारा ही वेगळी माणसं असतात. ‘हा मानसिक आजार आहे’ किंवा ‘हा दबलेल्या स्त्रीचा आवाज आहे’ ही दोन्ही वाक्यं वहीच्या शेवटच्या पानासाठी राखून ठेवा. दोन्ही कधी कधी बरोबर ठरतात, पण आधी लिहिली की मधली पानं कोरी राहतात.

आता वहीबद्दल, अगदी व्यवहाराचं. खिशात मावणारी छोटी वही प्रसंगी चार शब्द टिपायला, आणि घरी मोठी वही किंवा कॉम्प्युटर. तासाभराच्या निरीक्षणाला लिहायला दोन-तीन तास लागतात, आणि ते त्याच रात्री. झोप झाली की संवादांचे शब्द जातात, सारांश उरतो. पानाचे दोन भाग करा: डावीकडे जे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे तुम्हाला जे वाटलं ते. लोकांचे शब्द जसेच्या तसे, त्यांच्या बोलीत. ‘त्यांनी देवीला प्रार्थना केली’ लिहू नका. ‘आये, सांभाळ गं’ म्हणाल्या असतील तर तेच लिहा. तारखेबरोबर वार आणि तिथी. तिथीचा एक खड्डा नवखे नेहमी खातात: कॅलेंडरवर अमावस्या आज छापलेली असते, पण ती दुपारीच संपत असते. देवऋषीकडची गर्दी आदल्या रात्री होऊन गेलेली असते, आणि तुम्ही रिकाम्या ओट्यावर बसून ‘प्रथा कमी होत चालली आहे’ असा निष्कर्ष काढता. तिथी सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ आधी पाहून ठेवा.

‘का करता?’ हा प्रश्न टाळा. त्याला ‘पूर्वापार चालत आलंय’ हे एकच उत्तर असतं. त्याऐवजी: मागच्या वेळी काय केलं? कोणी सांगितलं? एखादी गोष्ट राहिली तर? चुकलेलं कसं कळलं? मग काय केलं? चुकीबद्दल विचारलं की माणसं नियम सांगतात. आणि दोन माणसं एकमेकांना ‘असं नसतं करत’ म्हणू लागली की तुम्ही गप्प बसा.

वाचनासाठी पुण्यासारखी जागा नाही. जुनी नोंद हवी तर पुणे जिल्ह्याचं १८८५चं गॅझेटियर आहे. जॅक्सन आणि एन्थोवेन यांच्या लोकसमजुतींच्या नोंदीही आहेत, पण त्या वापरताना एक भान ठेवा. ती माहिती बरीचशी शाळामास्तरांकडून प्रश्नावली भरून घेऊन जमवलेली आहे. म्हणजे साहेबाने विचारलं, मास्तरांनी लिहिलं, आणि करणारी बाई त्यात कुठेच बोललेली नाही. दामोदर कोसंबी यांनी पुण्याच्या आसपास पायी हिंडून शेंदूर फासलेल्या तांदळ्यांची (देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या ओबडधोबड दगडांची), मातृदेवतांच्या ठाण्यांची पाहणी केली आणि ती ठाणी जुन्या वाटांशी, तिठ्यांशी ताडून पाहिली. १९६२च्या त्यांच्या पुस्तकातला तो भाग नकाशा हातात धरून वाचा. त्यांचे निष्कर्ष सगळे पटलेच पाहिजेत असं नाही, पद्धत मात्र उचलण्यासारखी. रा. चिं. ढेरे यांनी ग्रंथ, स्थलपुराणं आणि लोकपरंपरा एकत्र वाचायला शिकवलं. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्यांमधून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा समजून घेतले. जात्यावरच्या ओव्यांचा जो एक लाखाहून मोठा संग्रह गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी इथे उभा केला, त्यात देवाबद्दल बायका काय म्हणतात ते आहे, आणि ते कोणत्याही पोथीपेक्षा निराळं आहे.

कायदा माहीत हवाच. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. गुन्ह्यांची अनुसूची पूर्ण वाचा, कारण ती स्वतःच तुमच्या अभ्यासाचा कागद आहे. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, इजा न करणारे घरचे-देवळातले विधी यांना कायदा हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावावर फसवणूक यांना लावतो. म्हणजे फ्रेझरने समजुतीवरून ओढलेली रेघ, डुर्केमने मंडळीवरून ओढलेली रेघ, आणि राज्याने इजेवरून ओढलेली रेघ, तिन्ही वेगळ्या. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणं हा त्या अनुसूचीतला गुन्हा आहे. तुमच्यासमोर असं घडलं तर वही मिटा आणि गाडी काढा. तिथे निरीक्षक म्हणून बसून राहणं चालत नाही.

बाकीच्या वेळी तुम्ही कोण, कशासाठी आलात, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. खोटी अडचण घेऊन देवऋषीपुढे बसणं हा आळशी मार्ग आहे. त्यात फसवणूक आहेच, शिवाय तुमच्या बनावट दुखण्याला मिळालेल्या उत्तरावरून खऱ्या दुखण्यांबद्दल काहीच कळत नाही. प्रसाद दिला तर घ्यावा. ओटीतली दक्षिणा इतरांएवढीच ठेवावी, जास्त ठेवली की पुढच्या वेळचा भाव वाढतो, आणि तो तुमच्यामुळे वाढलेला असतो. नावं पहिल्या दिवसापासून बदलून लिहा, गावाचं नाव बदलून भागत नसेल तर देवाचंही.

आणि पहिल्या शनिवारी बाहेर पडण्यापूर्वी स्वतःच्या घरी दृष्ट कशी काढतात, कुलदैवत कोणतं, त्याचं शेवटचं ‘करणं’ कधी झालं, कोणी खर्च केला, काय राहिलंय, हे आईला नाहीतर आत्याला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कारण तुम्ही ज्यांच्या ओट्यावर जाऊन बसाल, ते चहा येण्याआधी तुमचं आडनाव विचारतील, आणि चहाबरोबर विचारतील, “तुमच्यात काय करतात?”